फोटो काढू काय?

कॅमेऱ्याच्या भिंगावर एक टोपी असते, आणि ती हरवू नये म्हणून तिला एक काळी दोरी असते. दोरीचं दुसरं टोक कॅमेऱ्याला बांधायचं. कल्पना चांगली आहे. फक्त वारा सुटला की टोपी दोरीला लोंबकळत भिंगासमोर येते आणि आपण डोंगराचा फोटो काढायला जावं तर डोंगरासमोर एक काळी चकती झुलत असते. ज्यानं ही दोरी शोधून काढली तो माणूस वाऱ्यात कधी उभा राहिलाच नसावा, असं माझं ठाम मत आहे.

वस्तूंशी माझं भांडण जुनं आहे. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यात नकाशाच्या गुंडाळ्या आणि पृथ्वीच्या गोलाचा स्क्रू यांनी मला पोरांपेक्षा जास्त छळलं. त्यामुळे मुलानं अमेरिकेतून डिजिटल कॅमेरा आणून दिला तेव्हा मी आधी त्याचे दोषच मोजले. थैली अशी, की गळ्यातला पट्टा सोडवल्याशिवाय कॅमेरा आत जात नाही. वायर जोडायच्या भोकावर रबराचं झाकण, ते एकदा उघडलं की पुन्हा बसत नाही. आणि चार्जरचे पाय चपटे. आपल्या भिंतीतल्या गोल भोकांत ते जाणार कसे, हा विचार मुलानंही केला नव्हता आणि कंपनीनंही.

तरी हा कॅमेरा घेऊन मी दोन हजार सहाच्या मार्चमध्ये नागपूरहून कोल्हापूरला गेले, कारण ताईचा फोन आला होता.

ताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे दाजी, टपाल खात्यात असताना काही वर्षं नागपूरला होते, तेव्हा लग्न जमलं आणि ती त्यांच्या गावी, आजऱ्याला गेली. तिच्या डाव्या जबड्यात गाठ झाली होती. तिकडे जाऊन लागलेली तंबाखूच्या मिसरीची सवय तिनं सोडली, पण उशिरा. डॉक्टर म्हणाले, गाठ काढायची, आणि गाठीबरोबर जबड्याचं हाडही काढावं लागेल. चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, बोलणंही बदलेल.

"ऑपरेशनच्या आधी ये," ताई फोनवर म्हणाली. "आपला दोघींचा एक बी फोटो न्हाय."

हे खरं होतं. घरातले सगळे फोटो पहिल्यापासून मीच काढत आले. रिळाच्या कॅमेऱ्यापासून. लग्नं, बारशी, चौदा एप्रिलच्या मिरवणुका, सगळ्यांत ताई आहे आणि मी कुठेच नाही. मला दोघींचा एक फोटो हवा होता, तिचा चेहरा तिचा आहे तोवर. तेवढ्यासाठी मी निघाले होते.

राजारामपुरी

कोल्हापूरच्या स्टँडवर ताईची मुलगी सुनंदा स्कूटर घेऊन आली होती. लांबूनच ओरडली, "मावशी, मी आलो!"

मी दचकले. मग आठवलं, इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो, जेवलो' म्हणतात. आमच्याकडे पोरगी असं बोलली तर आई कान पकडेल. इथे ऐकायला मात्र बरं वाटतं. बाई आली असं न वाटता कोणीतरी खणखणीत माणूस आलं असं वाटतं.

चार्जरसाठी पिन हवी होती आणि एक ट्रायपॉड. सुनंदा मला राजारामपुरीत घेऊन गेली. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे पत्ता सांगायला सोपा. आमच्या नागपुरात पत्ता सांगायचा तर आधी चौक, मग पानठेला, मग त्या पानठेल्यावर पुन्हा विचारायचं. इथे क्लासची पोरं, दवाखान्यांच्या पाट्या आणि दुचाक्या यांच्यातून वाट काढत आम्ही एका फोटोच्या सामानाच्या दुकानात पोचलो.

दुकानदारानं चार्जर उलटसुलट करून बघितला. "ह्याचं पाय चपटं हायत की. परदेशातनं आनलाय व्हय?"

"मुलानं आणला."

"मग पोरालाच म्हनायचं भिंत बी घिऊन ये तिकडची." तो मोठ्यानं हसला आणि एक कन्व्हर्टर पिन काढून दिली. मग ट्रायपॉड. त्याला इथे सगळे स्टँडच म्हणतात. स्टँडबरोबर एक चौकोनी पट्टी येते. ती कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूनं आवळायची आणि मग कॅमेरा स्टँडवर टक्कन बसतो. दुकानदारानं पट्टी स्वतः आवळून दिली. "बघा की, कसं फिट्ट बसलं! आता भूकंप आला तरी हलायचं न्हाय."

फिट्ट बसलं होतं हे खरं. किती फिट्ट ते संध्याकाळी कळलं.

वारणानगर

सुनंदाचा नवरा कारखान्यात नोकरीला, म्हणून त्यांचं घर वारणानगरच्या कॉलनीत. हंगाम संपत आला होता. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या होत्या, आणि हवेत मळीचा आंबूस गोड वास. पहिल्या तासाला तो नाकात भरतो, दुसऱ्या तासाला येईनासा होतो. सुनंदाला विचारलं तर म्हणाली, "कसला वास?"

जेवायला भाकरी, दही आणि खर्डा. हिरव्या मिरचीचा तो ठेचा. नागपूरची असल्यामुळे मला तिखटाचा गर्व होता. पहिल्या घासालाच तो उतरला आणि मी मुकाट्यानं दह्याकडे वळले. सुनंदा हसत होती, पण मधेच थांबून म्हणाली, "आईला आता ह्यो खर्डा लागत न्हाय मावशी. तोंड भाजतंय."

जेवणाआधी बॅटरी चार्जला लावायला म्हणून कॅमेरा हातात घेतला आणि लक्षात आलं, बॅटरीचं दार कॅमेऱ्याच्या बुडाला आहे. कार्डही त्याच दाराआड. आणि त्या दारावर, बरोबर मधोमध, राजारामपुरीची पट्टी आवळलेली. म्हणजे बॅटरी बदलायची तर आधी स्टँडवरून कॅमेरा काढा, मग नाण्यानं स्क्रू फिरवून पट्टी काढा, मग दार उघडून बॅटरी काढा. ती भरली की सगळं उलट्या क्रमानं परत. एकानं कॅमेरा केला, दुसऱ्यानं स्टँड केला, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. घरात दोन सुना एकमेकींशी न बोलता स्वयंपाक करतात तेव्हा भाजीत मीठ दोनदा पडतं, तसं हे.

सुनंदाच्या नवऱ्यानं रुपयाचं नाणं दिलं. त्यांना या सगळ्याची गंमत वाटली. मला राग आला होता, आणि राग पट्टीचा नव्हता हेही मला माहीत होतं.

आजरा

आजऱ्याच्या वाटेवर डोंगर जवळ येत जातात आणि उसाची जागा काजू घेतो. मार्चमध्ये झाडांवर पिवळी-तांबडी बोंडं लटकलेली असतात आणि खाली पडलेल्या बोंडांचा उग्र गोड वास येतो. मी सुनंदासोबत एसटीतून उतरले तेव्हा स्टँडवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "पावणं कुठलं म्हनायचं?"

"नागपूरचं. माझी मावशी."

"लई लांबनं आलं की मग! च्या घिऊनच जावा." आणि खरंच त्यानं टपरीवाल्याला खूण केली. ओळख ना पाळख. चहा प्यावाच लागला.

ताई अंगणात उभी होती. पदर डाव्या गालावरून ओढून घेतलेला. "किती उशीर! सकाळधरनं वाट बघायलोय," ती म्हणाली. तीही आता 'बघायलोय' म्हणत होती. तीस वर्षांत तिच्या तोंडातलं नागपूर पार गेलं होतं. मी तिला मिठी मारली तेव्हा पदर सरकला आणि सूज दिसली. फार नव्हती. माहीत नसेल त्याला दाढ दुखते एवढंच वाटलं असतं.

दाजी मागे उभे होते. "जयभीम मेव्हणीबाई," ते म्हणाले. नागपुरात मी त्यांना भाऊजी म्हणायचे. इथे सगळे दाजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणू लागले. दाजी अतिशय व्यवस्थित माणूस. पत्रांवरचे पत्ते वाचण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा वाचल्याशिवाय आणि एकदा विचारल्याशिवाय करत नाहीत. हे लक्षात ठेवा.

जेवायला ओल्या काजूची उसळ आणि घनसाळ तांदळाचा भात होता. हा भात शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जातो. ताईनं कित्येक वर्षं काजू कारखान्यात गर काढण्याचं काम केलं. काजूच्या तेलानं तिच्या बोटांची टोकं काळी पडलीत, ती कधी उजळलीच नाहीत. त्या बोटांनी ती भात अगदी बारीक कालवत होती आणि उजव्या बाजूनं हळूहळू चावत होती. माझं पान झाल्यावरही ती जेवतच होती. मी उगीच आणखी भात घेतला, तिच्या सोबतीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो. ताईची अट एकच होती. "आपण दोघीच. समोर कोन बी नको. मला लाज वाटते."

म्हणूनच तर स्टँड आणला होता. दाजी आणि सुनंदाला आम्ही परसात पाठवलं. अंगणात पेरूच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या. मी कॅमेरा स्टँडवर बसवला, आपोआप फोटो निघण्याची सोय चालू केली. बटण दाबायचं, मग समोरचा लाल दिवा लुकलुकतो आणि तेवढ्या वेळात आपण धावत जाऊन बसायचं.

पहिल्या फोटोत मी आलेच नाही, फक्त माझा पदर आला. दुसऱ्यात ताई लाल दिव्याकडे संशयानं बघते आहे. "ते डोळा मारतंय गं," ती म्हणाली. तिसऱ्यांदा मी धावत येऊन बसले, दोघी हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत राहिलो, पण बटण दाबताच रिकाम्या खुर्चीसकट फोटो आधीच निघून गेला होता. एक फोटो निघाला की ती सोय आपोआप बंद होते म्हणे. दर वेळी नव्यानं चालू करायची, ते या वेळी मी विसरले होते. मग मी चालू केली, तर तोवर कॅमेराच झोपी गेला. बॅटरी वाचवायला. जो कॅमेरा माणसाला धावत जाऊन बसायला सांगतो, त्याला माणूस खुर्चीपाशी पोचेपर्यंत धीर धरता येऊ नये?

कार्ड लहान होतं. म्हणून प्रत्येक फसलेल्या फोटोनंतर मी येऊन तो बघायची, "हा काढून टाकते," असं म्हणायची, आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबायची. दाजी परसातून अधूनमधून डोकावून हे बघत होते. ताईनं हाकललं की जायचे.

शेवटी काय झालं, मी धावताना माझी चप्पल निसटली आणि उडून थेट तुळशीजवळ झोपलेल्या मांजरावर पडली. मांजर ओरडत भिंतीवर चढलं. मी एका पायात चप्पल घालून खुर्चीवर कोसळले. ताई हसली. अशी हसली की पदर, गाल, सूज, सगळं विसरली. डोकं मागे टाकून, लहानपणी हसायची तशी. आणि तेवढ्यात फोटो निघाला.

मी येऊन बघितला. दोघीही पूर्ण आलो होतो. मी ताईला दाखवला. ती पडद्याकडे खूप वेळ बघत राहिली.

"ही मी हाय व्हय?" म्हणाली. "बरी दिसत्या की."

बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. सकाळपासून भारनियमन, वीज अंधार पडल्यावरच येणार होती. मी नाण्यानं पट्टी काढून ठेवली, म्हणजे वीज आली की लगेच चार्ज करता येईल, आणि हात धुवायला आत गेले. दाजींना बोलावून म्हटलं, "बघा, आला एकदाचा." कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

मी ताईसोबत चुलीपाशी होते. बाहेरून दाजींची हाक आली.

"मेव्हणीबाई, हे इचारतंय. फोटो काढू काय?"

मला वाटलं, दाजींना हौस आली. काढू देत पेरूचा, मांजराचा. दोन दिवसांत इथल्या बोलण्याची लय माझ्या जिभेवर बसली होती, आणि मला तिचा अभिमानही वाटत होता. मी ठसक्यात ओरडले, "काढा की, दाजी!"

थोड्या वेळानं ते दारात आले. कॅमेरा दोन्ही हातांत धरलेला, पत्र धरावं तसा. "काढला," म्हणाले. "खरं, आता कायच दिसंना."

मी बाहेर धावले. पडदा काळा होता. बॅटरी संपली होती, पण त्याआधी काय झालं ते त्यांनी नीट सांगितलं. फोटो बघून झाला की मी डब्याचं बटण दाबते हे त्यांनी सकाळभर पाहिलं होतं. त्यांना वाटलं, बघून झाल्यावर तेच करायचं असतं. दाबलं. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. त्यांनी तो दोनदा वाचला. फोटो काढून टाकायचा का, असं यंत्र विचारतंय हे त्यांना बरोबर कळलं. आपल्या मनानं काही करायला नको म्हणून त्यांनी मला विचारलं. आणि मी म्हटलं, काढा की.

कार्डावर दुसरं काहीच नव्हतं. बाकीचे सगळे मीच काढून टाकले होते.

मी दाजींवर चिडू शकत नव्हते, म्हणून कॅमेऱ्यावर चिडले. पट्टीवर, दोरीवर, डब्याच्या त्या चित्रावर. मग पायरीवर बसून रडले. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताई बाहेर आली, आधी त्यांच्याजवळ गेली. "जाऊ दे, चुकून झालं. तुमी इचारलं न्हवं?" असं म्हणत तिनं त्यांची समजूत काढली. मग माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "काहून रडून राहिली?"

कित्येक वर्षांत तिच्या तोंडून नागपूर ऐकलं नव्हतं. मी आणखीच रडले.

संध्याकाळी वीज आली, बॅटरी भरली. मी म्हटलं, पुन्हा काढू या, आत्ताच, फ्लॅश आहे. ताईनं मान हलवली. "नको. तसं हसायला रोज येत न्हाय गं. आता काढलास तर फकस्त गाल येईल."

त्यानंतर कोल्हापूरला जाणाऱ्या एसटीत मी एकाच शब्दाचा विचार करत बसले होते. कॅमेरा बनवणाऱ्यांनी फोटो घ्यायला एक बटण दिलं आणि पुसायला दुसरं. आम्ही मात्र दोन्हींना काढणंच म्हणतो. म्हशीची धार काढतो, काजूचा गर काढतो, भांडण काढतो, दिवस काढतो. नाहीशा झालेल्या माणसाची आठवण काढतो. आतलं बाहेर आणणं आणि असलेलं घालवणं, दोन्ही एकाच शब्दात. आणि शेजारच्या सीटवर ताई खिडकीला गाल टेकून बसली होती, जो दोन दिवसांनी काढला जाणार होता.

पुन्हा वारणानगर

ऑपरेशन कोल्हापुरात झालं. ते दिवस मी लिहिणार नाही. आम्ही ते काढले, एवढंच.

ताईला सुनंदाच्या घरी आणलं. मी नागपूरचं तिकीट पुढे ढकललं. ताई पातळ खिमट प्यायची आणि पाटीवर लिहून बोलायची. डाव्या बाजूनं चेहरा आत गेला होता, ओठ खाली ओढला गेला होता. टाके काढल्याच्या दिवशी तिनं आरसा मागितला. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी आरसा दिला. ताईनं तो धरला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि पालथा ठेवला. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले.

मी निघायच्या दिवशी सकाळी माझी बॅग दाराजवळ होती. कॅमेरा त्यात तळाशी होता. महिनाभर मी तो बाहेर काढला नव्हता. पण त्याची ती काळी दोरी, काही केल्या थैलीत न मावणारी, बॅगेच्या चेनमधून बाहेर लोंबत होती. ताईची नजर तिच्यावर गेली. मी घाईनं दोरी आत ढकलायला लागले. जात नव्हती.

ताईनं माझा हात धरला. कॉलनीच्या मोकळ्या अंगणाकडे बोट केलं. मी म्हटलं, "ताई, राहू दे."

तिनं पाटी घेतली नाही. तोंडानं बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसताच घोगरा आवाज आला. दुसऱ्यांदा 'काढ' अर्धवट उमटलं. पण त्याच्या मागचं अक्षर अगदी स्वच्छ होतं, आणि ते कोल्हापूरचं 'की' नव्हतं.

"काढ नं," ताई म्हणाली.

मी स्टँड मांडला. पट्टी आवळली. दाजी हात पाठीमागे घट्ट बांधून दारात उभे राहिले, आणि ताईनं या वेळी त्यांना जा म्हटलं नाही. मी बटण दाबलं, चपला हातात घेऊन धावले आणि तिच्या डाव्या बाजूला बसले. तिनं पदर ओढला नाही.

तो फोटो आता माझ्या नागपूरच्या घरात, टीव्हीशेजारी आहे. वारणेवरून वारा येत होता, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात टोपीची काळी दोरी आलीय. दुसरा काढू का, असं मी ताईला विचारलं नाही.